कढईजवळून ढकललेला शिलेदार

आर्थर राजाच्या शेवटच्या लढाईतून जे वाचले, त्यांत एक जण निव्वळ त्याचं तोंड पाहवत नव्हतं म्हणून वाचला. नाव मॉरव्रान, तेगिदचा मुलगा. कामलानच्या रणात त्याच्यावर कुणी शस्त्र चालवलं नाही. तो इतका कुरूप होता की सैतानाचा कुणी हस्तकच लढायला आलाय असं समजून ज्याने त्याने त्याला वाट दिली. अंगावर हरणासारखे केस. त्याच्या पाठोपाठ सान्देवचं नाव येतं. तो इतका देखणा की हा देवदूतच असणार या समजुतीने भालाईतांचे हात थबकले. तिसरा किन्विल नावाचा संत. हेनग्रोइन या आपल्या घोड्यावरून जाताना आर्थरचा निरोप घेणारा तो शेवटचा.

इतिहासाकडे चौकशीला जावं तर वेल्समध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या जुन्या नोंदींत ५३७च्या सुमाराला एक त्रोटक ओळ सापडते: कामलानच्या लढाईत आर्थर आणि मेद्राउद पडले. कोण वाचलं आणि कसं वाचलं, हे सगळं कथाकारांच्या पोतडीतलं. आपल्याकडे आर्थर म्हटलं की लॅन्सलॉट आठवतो, पण तो फ्रेंच कवींनी दरबारात आणून बसवलेला. वेल्श कथाकारांच्या जुन्या दरबारात त्याचा पत्ताच नाही. तिथे मॉरव्रानसारखी माणसं होती, आणि त्यांच्याशी पडद्यामागे जे काही झालं ते मला लॅन्सलॉटच्या प्रेमप्रकरणापेक्षा जास्त रंजक वाटतं.

मॉरव्रानच्या कुरूपपणाची ही ओळ 'किल्हूख आणि ऑल्वेन' या गोष्टीत आहे. साधारण ११००च्या आसपास रचलेली ही गोष्ट. किल्हूख हा आर्थरचा चुलत-मावस नात्यातला पोरगा. तो कॉर्नवॉलमधल्या केल्लिविगच्या दरबारात घोड्यासकट शिरतो, राक्षसाची मुलगी ऑल्वेन बायको म्हणून मिळवून द्या अशी मागणी करतो आणि ती मागताना दरबारातल्या एकूण एक माणसाची आण घालतो. नावं दोनशेच्या वर जातात. आजचा वाचक ही पानं भराभर उलटतो आणि फसतो, कारण गंमत सगळी तिथेच आहे. एकाची नजर अशी की पहाटे उन्हाबरोबर चिलट उडालं तरी त्याला कॉर्नवॉलमधून थेट उत्तरेच्या टोकापर्यंत दिसावं. एकाला जमिनीत खोल पुरलं तरी पन्नास मैलांवरची मुंगी सकाळी अंथरुणातून उठल्याचं ऐकू यावं. एक उदास झाला की खालचा ओठ बेंबीपर्यंत सोडायचा आणि वरचा टोपडं करून डोक्यावर ओढायचा. सांगणारा समोरच्या श्रोत्यांचं तोंड बघत यादी लांबवत असणार, हसू आलं की आणखी एक नाव घुसडत असणार, असं मला ती वाचताना सारखं वाटतं. लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी ती वाढतच जाते.

या दरबाराचा दारवान ग्लेउलुइद हाही एक नमुना. किल्हूख दाराशी आल्याची वर्दी द्यायला तो आत जातो आणि आधी स्वतःची फुशारकी सांगत बसतो. अमुक किल्ल्यात होतो, तमुक बेटावर होतो, आणि त्यातच सहज म्हणून जातो की थोरल्या आणि धाकट्या हिंदुस्थानातही जाऊन आलोय. एवढं जग पाहिलं, पण असा देखणा जवान पाहिला नाही, हे सांगण्यासाठी ही सगळी यात्रा. वेल्समधल्या कथाकाराला हिंदुस्थान म्हणजे लांबात लांब नेऊन ठेवायची जागा वाटत असावी.

हाच ग्लेउलुइद पुढे मॉरव्रानच्या शेजारी येऊन बसतो. आर्थरच्या दरबारातल्या चोवीस शिलेदारांची एक वेल्श यादी पंधराव्या शतकापासून हस्तप्रतींत मिळते. तीत तिघा-तिघांचे गट पाडलेले आहेत. त्यातल्या एका गटात सान्देव, मॉरव्रान आणि ग्लेउलुइद. या तिघांना नाही म्हणणं कुणालाच जमायचं नाही: पहिल्याला रूपामुळे, दुसऱ्याला कुरूपपणामुळे आणि तिसऱ्याला त्याचा आडदांडपणा आणि रागीटपणा बघून. रणातली थट्टा अशी दरबारी शिष्टाचारात बसवून दिलेली. मॉरव्रान आता रीतसर शिलेदार झाला. पण तो नुसता सोंगाड्या नव्हता. वेल्श कवींनी नावं लक्षात ठेवायला रचलेल्या जुन्या त्रिकांत, लढाईत जिथे कत्तल व्हायची अशा तीन वीरांमध्ये त्याचं नाव आहे. या वीरांना तिथे दिलेली उपमा खाटकाच्या ओंडक्याची आहे.

हे सगळं टिकलं ते थोड्या माणसांच्या हट्टामुळे. किल्हूखची गोष्ट दोन मोठ्या हस्तप्रतींत आहे. 'रिदर्खचं पांढरं पुस्तक' १३५०च्या आसपासचं, पण त्यात गोष्ट अर्ध्यावर तुटते. पूर्ण गोष्ट मिळते ती १३८२ नंतरच्या काही वर्षांत लिहिलेल्या 'हेरगेस्टच्या लाल पुस्तका'त. ते लिहिणाऱ्यांतला मुख्य हात हावेल वखान याचा, आणि लिहवून घेणारा त्याचा धनी, स्वान्सीजवळचा हॉपकिन आप टॉमस. हा हॉपकिन जुन्या भविष्यवाण्यांचा जाणकार म्हणून ओळखला जायचा. १४०३ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवाइन ग्लिनदूरने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि आपलं पुढे काय होणार ते विचारलं. हॉपकिनने सांगितलं, काळ्या निशाणाखाली लवकरच पकडले जाल. ग्लिनदूर शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागला नाही. जाणकाराचा अंदाज साफ चुकला, पण त्याच्या पुस्तकांना काही झालं नाही.

हावेलने धन्यासाठी लिहिलेली आणखी एक हस्तप्रत आज फिलाडेल्फियात आहे. तिच्या शेवटी त्याने मनातली गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याने आणि हॉपकिनने मिळून ठरवलेलं मत असं की, ज्यांच्याविषयी वाचलं त्या साऱ्या राजांमध्ये सगळ्यात नालायक दोन, गुर्थेर्न आणि मेद्राउद, आणि त्यांच्या दगाबाजीमुळेच वेल्श माणसं आपल्याच मायभूमीत परक्यासारखी दिवस कंठतायत. मेद्राउद म्हणजे कामलानला आर्थरच्या समोर उभा ठाकलेला तोच. म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस हावेल जेव्हा मॉरव्रानच्या अंगावरच्या केसांची ओळ उतरवत होता, तेव्हा कामलान त्याच्या दृष्टीने करमणूक नव्हती. वेल्सच्या हरण्याचा मूळ हिशेब त्याच्या लेखी तिथेच चुकला होता. त्याने गंमतीची ओळ तरीही जशीच्या तशी ठेवली, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

पुढच्या हस्तप्रतींत कामलानमधून वाचलेल्या तिघांचे सात झाले. भर पडली ती बहुतेक संतांची. त्यातला एक देर्वेल, ताकदीच्या जोरावर वाचलेला. त्याचं देऊळ बालाजवळच्या लानदेर्वेल गावात, आणि तिथे त्याची मोठी लाकडी मूर्ती होती. १५३८च्या एप्रिलमध्ये राजा आठव्या हेन्रीच्या मंत्र्याला, टॉमस क्रॉमवेलला, त्याच्या माणसाने कळवलं की या मूर्तीपुढे एका दिवसात पाच-सहाशे लोक जमतात, गाईगुरं, घोडे, पैसे वाहतात. मूर्ती लंडनला पाठवायचा हुकूम निघाला. गावकऱ्यांनी ती राहावी म्हणून चाळीस पौंड देऊ केले, उपयोग झाला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात स्मिथफिल्डला जॉन फॉरेस्ट नावाच्या साधूला जाळलं, आणि चितेच्या लाकडात ही मूर्ती घातली. हा देर्वेल एक दिवस जंगल पेटवणार अशी वेल्समध्ये जुनी वदंता होती, आणि साधूचं आडनाव फॉरेस्ट, म्हणजे जंगल. हे जाळणं घडवून आणणाऱ्यांनी हा योगायोग पुरेपूर वापरला. मूर्ती जळली, पण तिच्याजवळच्या लाकडी जनावराचे अवशेष लानदेर्वेलच्या चर्चमध्ये राहिले.

लानदेर्वेलपासून जवळच बाला, आणि बालाचं सरोवर म्हणजे वेल्श लोकांचं लिन तेगिद, मॉरव्रानच्या बापाच्या नावाचं. वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर. मॉरव्रानचं घर इथलं, आणि त्याचं खरं दुखणंही इथलंच.

ते आपल्यापर्यंत आणलं एलिस ग्रिफिद नावाच्या शिपायाने. हा उत्तर वेल्सचा माणूस, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेमधल्या इंग्रज छावणीत नोकरीला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे बसून त्याने जगाच्या आरंभापासूनचा इतिहास वेल्शमध्ये लिहिला आणि त्यात तालिएसिन कवीच्या जन्माची कथा घातली. तिची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत हीच. हे सगळं बुद्धीला पटण्यासारखं नाही, अशी कुरकुरही तो लिहिता लिहिता करतो, आणि तरी एक प्रसंग गाळत नाही.

कथा अशी. तेगिदची बायको केरिद्वेन चेटूक जाणणारी. मुलगा मॉरव्रान असा काळाकुट्ट आणि विद्रूप की लोकांनी त्याचं टोपणनाव पाडलं अवाग्दी, म्हणजे मिट्ट काळोख. या रूपाच्या पोराला थोरामोठ्यांत कोण उभं करणार? मग रूप नाही तर ज्ञान तरी, असं ठरवून आईने कढई चढवली. वनस्पतींचा काढा एक वर्ष आणि एक दिवस उकळायचा, मग त्यातून तीन थेंब उडणार, ते ज्याच्या अंगावर पडतील त्याला भूत-भविष्य सगळं कळणार. बाकीचं सगळं विष. विस्तव सांभाळायला एक आंधळा म्हातारा आणि त्याचा हात धरून आलेलं एक पोर, ग्विऑन बाख. वेळ भरत आली तेव्हा तिने मॉरव्रानला कढईच्या कडेला नेमक्या जागी उभं केलं, आणि वर्षभराच्या थकव्याने तिचा डोळा लागला. थेंब उडायच्या क्षणी ग्विऑनने मॉरव्रानला धक्का मारून बाजूला सारलं आणि स्वतः तिथे उभा राहिला.

ग्विऑनला ज्ञान मिळालं, कढई फुटली. जागी झाल्यावर केरिद्वेनने मुलाला विचारलं आणि ग्विऑनने आपल्याला कसं हाकललं ते त्याने सगळं सांगितलं. आख्ख्या कथेत मॉरव्रानचं बोलणं एवढंच, आईपाशी केलेलं गाऱ्हाणं, तेही कथाकाराच्या तोंडून. नंतर तो कथेतून नाहीसा होतो. केरिद्वेन ग्विऑनच्या मागे लागते, तो ससा तर ती शिकारी कुत्री, तो मासा तर ती पाणमांजर, शेवटी तो दाणा आणि ती कोंबडी. त्याला गिळल्यावर तिच्याच पोटी तो नव्याने जन्मतो आणि तालिएसिन होतो, कवींचा मुकुटमणी. कथा आता त्याची. किल्हूखच्या यादीत तालिएसिनही आहे, मॉरव्रानही आहे, एकाच राजाच्या पदरी. तिथे मात्र कढईचा विषय कुणी काढत नाही.

यापुढचा किस्सा एकोणिसाव्या शतकातला. लेडी शार्लट गेस्ट ही इंग्रज उमरावाची मुलगी, १८३३ साली डाउलेसच्या लोखंड कारखान्याच्या मालकाला दिली. वेल्समध्ये येऊन ती वेल्श शिकली आणि १८३८ ते १८४५ या काळात तिने या जुन्या कथा इंग्रजीत आणल्या. एकीकडे बाळंतपणं चालू, एकूण दहा मुलं, दुसरीकडे भाषांतर. बाईने एवढं काम स्वतः केलं यावर तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसत नव्हता. खरं काम पुरुष पंडितांचं अशी कुजबुज झाली. तिच्या रोजनिशीने ती खोडून काढली आहे. पण मदत होती हे खरं, आणि लाल पुस्तकाची नक्कल तिला पुरवणारा ऑक्सफर्डमधला पाद्री बालाचाच होता. जॉन जोन्स त्याचं नाव, आणि कवी म्हणून त्याने घेतलेलं नाव होतं तेगिद. मॉरव्रानच्या बापाचं नाव लावलेल्या माणसाने मॉरव्रानची ओळ उतरवून दिली. असे योगायोग कादंबरीत घातले तर संपादक कापून टाकेल.

तालिएसिनची कथा मात्र लाल पुस्तकात नव्हती. ती तिने नंतरच्या, तुटक हस्तप्रतींवरून घेतली. त्यातली एक आयोलो मॉर्गनगच्या संग्रहातली. आयोलो म्हणजे पाथरवट, अफूच्या अर्काचा व्यसनी, प्रतिभावान कवी आणि जुन्या वेल्श साहित्याच्या नावाने स्वतःचं लेखन खपवणारा पट्टीचा बनवेगार. कर्जापायी कार्डिफच्या तुरुंगात असताना १७८७ साली झालेल्या मुलाचं नाव त्याने तालिएसिन ठेवलं. बापाची हस्तप्रत लेडी शार्लटला याच तालिएसिनने दिली.

छापून आलेल्या कथेत काय झालं पाहा. मॉरव्रान आणि अवाग्दी हे दोन भाऊ झाले. टोपणनावाचा वेगळा माणूस बनला, आणि कुरूपपणा, कढई, आईची माया हे सगळं त्याच्याकडे गेलं. मॉरव्रान एका वाक्यात नावापुरता येतो, पुढे त्याला कामच नाही. आणि धक्का? तोही गायब. थेंब आपसूक उडून ग्विऑनच्या बोटावर पडतात, चटका बसतो म्हणून तो बोट तोंडात घालतो. लबाड पोर निष्पाप झालं. तीन खंडांची ही आवृत्ती १८४९ साली आली आणि शंभराहून अधिक वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या जगाने हीच कथा खरी मानली. आजही कथा-कादंबऱ्यांत तुम्हाला अवाग्दी भेटेल, मॉरव्रान क्वचितच. यात बाईंनी काही केलं असं मी म्हणणार नाही, हाती आलं ते त्यांनी दिलं. पण हाती काय आलं, हे आधीच कुणीतरी ठरवलं होतं.

कॅलेच्या शिपायाने लिहिलेली कथा इंग्रजी वाचकांपुढे आणली पॅट्रिक फोर्ड या अमेरिकी अभ्यासकाने, १९७७च्या आपल्या भाषांतरात. १९९२ साली त्याने मूळ वेल्श पाठही संपादून छापला. त्यात दोन भावांचा पुन्हा एक मॉरव्रान झाला आहे, अवाग्दी हे त्याचं टोपणनावच आहे, आणि ग्विऑनने त्याला ढकललं होतं हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.