पश्चिमसागरतीरीची द्वारावती

मोक्षदायिनी म्हणून शास्त्रांनी ज्या सात नगरी सांगितल्या, त्यांत समुद्रकाठची एकच, ती द्वारावती. चार धामांतही तिची गणना होते, आणि दोन्ही मालिकांत मान मिळालेले असे दुसरे क्षेत्र नाही. गोकुळाष्टमीस आपण ज्या बाळाचा पाळणा हलवितो, त्याचे प्रौढ आयुष्य गोकुळात वा मथुरेत नव्हे, सौराष्ट्राच्या या टोकाला गेले, याचे स्मरण त्या दिवशी क्वचितच होते. म्हणून आज वाचकांस आम्ही तिकडे नेऊ इच्छितो.

जरासंधाने सतरा वेळा मथुरेवर चाल केली, पुढे कालयवनही येऊन ठेपला, तेव्हा भगवंतांनी समुद्रात बारा योजनांची नगरी वसवून प्रजेस तेथे नेले, असे श्रीमद्भागवताचा दशमस्कंध सांगतो. लोकांच्या रक्षणासाठी देवाने ‘रणछोड’ हे नाव अंगी लावून घेतले. गुजराथेतील भाविक तेच नाव आज लाडाने उच्चारतात.

मुंबईहून ओख्यास जाणारी सौराष्ट्र मेल द्वारकेस थांबते. दुरूनच मंदिराचे शिखर आणि त्यावरील चंद्रसूर्यांकित बावन्नगजी ध्वजा दृष्टीस पडते. ही ध्वजा दिवसातून अनेकवार बदलतात. तिचा मान मिळालेले कुटुंब वाजतगाजत ती मंदिरात आणते, आणि मग अबोटी ब्राह्मण शिखरावर चढून ती फडकवितात. यात्रेकरूने प्रथम गोमतीत स्नान करावे. गोमती येथेच सागरास मिळते, त्यामुळे भरतीच्या वेळी घाटावरचे पाणी खारट लागते. घाटावरून छप्पन्न पायऱ्या चढून स्वर्गद्वाराने आत शिरावे. पाच मजली जगत्‌मंदिरात श्यामवर्ण चतुर्भुज द्वारकाधीश उभे आहेत. पंधराव्या शतकात महमूद बेगड्याने येथील देवालय उद्ध्वस्त केले. पुढे भाविकांनी ते पुन्हा उभारले.

आम्हां पंढरपूरकरांचे मन मात्र गावाबाहेरच्या रुक्मिणीमंदिरापाशी अधिक रेंगाळते. आमच्यासमवेत आलेल्या एका वृद्ध माउलीने तेथे पोहोचताच विचारले, “बुवा, इथंही आई वेगळीच का हो?” प्रश्न मोठा मार्मिक होता. पंढरीसही रखुमाईचे राऊळ निराळे आहे. रुसून दिंडीरवनात गेलेल्या रुक्मिणीच्या शोधात द्वारकेचा राणा निघाला आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला, ही कथा आपल्या घरातील लेकराबाळांसही ठाऊक असते. द्वारकेतील कथा दुर्वासांची आहे. भगवंत आणि रुक्मिणी स्वतः मुनींचा रथ ओढीत होते. वाटेत तिला तहान लागली, देवाने चरणांगुष्ठाने भूमी दाबून गंगा प्रकट केली, आणि अतिथीस न विचारता ती पाणी प्याली. त्यावरून मुनींनी पतिवियोगाचा शाप दिला. त्या भूमीस गोडे पाणी नाही ते त्यामुळेच, असे तेथील लोक सांगतात. म्हणून या मंदिरी जलदानाचे महत्त्व. आम्हांस विचाराल तर तहानेल्या गृहिणीस एवढा शाप फार झाला. कीर्तनात आम्ही तसे म्हणतो तेव्हा मातृवर्ग प्रसन्नपणे माना डोलावतो! असो.

आता ज्या प्रश्नासाठी ही लेखणी उचलली, तिकडे वळू. हीच का ती श्रीकृष्णाची द्वारका, असे आजकालचे तरुण विचारतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1963 साली येथे उत्खनन केले. पुढे 1980 च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने समुद्रतळाशी घडीव दगडांची बांधकामे आणि भोके पाडलेले दगडी नांगर शोधले. राव यांनी त्यांत महाभारतातील द्वारका पाहिली. इतर विद्वानांना तो कालनिर्णय मान्य नाही. या वादाने भाविकाने हरखून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. नगरी बुडाली ही वार्ता आपल्याच ग्रंथांनी दिली आहे. अर्जुन स्त्रिया, वृद्ध आणि बालके घेऊन बाहेर पडला आणि मागे रिकामा होणारा एकेक भाग सागर गिळीत गेला, हे मौसलपर्वात लिहिले आहे. पुढे वाटेत आभीरांनी लूट आरंभिली, तर त्या धनंजयास गांडीव चढविणेही जड गेले. जन्मोत्सवात हे आख्यान लावले की कित्येक यजमान नाराज होतात. तरी आम्ही ते लावतो. देवाने आपली नगरी राखली नाही, हे ज्यास ठाऊक आहे त्यालाच पाळण्याची दोरी हाती धरताना डोळ्यांत पाणी येते. भागवत तेवढे एक सांगते, की भगवंतांचे मंदिर मात्र सागराने सोडले.

सहलीच्या मोटारी अर्ध्या दिवसात सारे उरकतात. तसे करू नये. निदान एक सायंकाळ गोमतीसंगमावर बसावे. वाटेत गोपीतलावही पाहावा. आपल्या कपाळीच्या गोपीचंदनाचे ते माहेर. बेट द्वारकेस पूर्वी ओख्याहून नावेने जावे लागे. 2024 च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून वृद्धांनाही ते सुलभ झाले आहे. सुदाम्याची आणि देवाची भेट तेथेच झाली अशी श्रद्धा असल्याने बेटावर तांदूळ अर्पण करतात. ते दुकानातून घेऊ नयेत, घरच्या डब्यातले मूठभर पुरचुंडीत बांधून न्यावेत.