टपल कंसाने होत नाही

पायथन शिकताना पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पाठ होतं: लिस्ट चौकोनी कंसात, ती बदलते, टपल गोल कंसात, ते बदलत नाही. घोळ इथूनच सुरू होतो.

आधी कंसाचंच बघू. (5) लिहिलं की टपल झालं, असं वाटतं. टाइप विचारलात तर पायथन ‘इंट’ म्हणून सांगेल. टपल बनवतो तो स्वल्पविराम. (5,) हे टपल, आणि कंसाशिवाय नुसतं 5, लिहिलंत तरी टपलच. कंसावाचून अडतं ते मुख्यतः रिकाम्या टपलचं. म्हणून किंमत = 250, असा शेवटी चुकून राहिलेला स्वल्पविराम महागात पडतो: पुढे त्यात 10 मिळवायला गेलात की टाइपएरर. (हो, पायथन 3 मध्ये चलांना देवनागरी नावं चालतात.)

‘पण मी तर टपल बदललं!’ असंही कुणी म्हणतं. क = (1, 2) लिहून मग क += (3,) केलं की (1, 2, 3) दिसतं खरं. पण जुनं टपल होतं तसंच राहिलं. नवं तयार झालं आणि ‘क’ हे नाव त्याला चिकटलं. आधी आणि नंतर आयडी छापा, आकडे वेगळे येतील.

टपल वेगासाठी वापरायचं, हाही एक समज. थोडी मेमरी वाचते, पण शे-दोनशे नोंदींत फरक जाणवणारसुद्धा नाही. खरा फायदा डिक्शनरीत आहे. (18.52, 73.86) ही जोडी ‘की’ म्हणून देऊन तिच्यापुढे ‘पुणे’ लिहिता येतं, लिस्टला ती मुभा नाही.

मात्र टपलच्या पोटात लिस्ट असेल तर त्यालाही नाही. कारण टपल गोठवतं ते फक्त कोणत्या जागी कोणती वस्तू आहे एवढंच; ती वस्तू आतून बदलली तर त्याची हरकत नसते. नोंद = ("सीमा", [70, 80]) घ्या. आतल्या लिस्टला अपेंडने 90 जोडा, बिनबोभाट जोडले जातात. आता त्याऐवजी नोंद[1] += [90] लिहा. टाइपएरर येतो, तरीही लिस्टमध्ये 90 गेलेले असतात! लिस्ट आधी जागच्या जागी वाढते. मग ती पुन्हा टपलच्या त्या खणात ठेवायला पायथन जातो आणि तिथे अडतो.

विश्वास बसत नसेल तर ही ओळ स्वतः चालवा, एरर नीट वाचा आणि मग नोंद छापून पाहा.