गोळीइतकेच ऐकणेही मोलाचे

मनोविकारावरील उपचार रुग्णालयात सुरू होतो, परंतु टिकतो तो घरी. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसण्यास साधारणतः २ ते ४ आठवडे लागतात. तोवर कंटाळून अनेक रुग्ण गोळी सोडतात. म्हणून आमच्या परिचारिका दोष न देता ‘गोळीने काय त्रास होतो?’ असे विचारतात आणि उत्तर पूर्ण ऐकतात. उपचारांची माहिती मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्कच आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी घटल्यास रक्तातील औषध धोकादायक पातळीवर जाऊ शकते. हात अधिक थरथरणे, उलट्या, तोल जाणे दिसताच कुटुंबीयांनी तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा संवादाला वेळ लागतो व परिचारिकाही. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकेच या कार्यासही साहाय्य करावे, ही नम्र विनंती.