संस्थेसाठी ऑडिटर निवडताना



मार्च संपला की संस्थेच्या कार्यालयात धांदल उडते. पावतीपुस्तके शोधायची, व्हाउचर तारखेप्रमाणे लावायची, बँकेचे स्टेटमेंट आणायचे आणि सगळे गाठोडे सी.ए.कडे पोहोचवायचे. काही दिवसांनी सही-शिक्क्याचे कागद परत आले की आपण म्हणतो, 'झाले एकदाचे ऑडिट.' शिरूर आणि दौंड तालुक्यांत पारधी, भिल्ल, ठाकर वस्त्यांवर काम करणाऱ्या अनेक छोट्या संस्थांत हीच रीत आहे. आमच्याकडेही काही वर्षे तीच होती.

मग एका वर्षी मुलांच्या वसतिगृहासाठी पुढचा हप्ता देण्यापूर्वी देणगीदारांनी मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल मागवला. तो पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'ह्यावर यूडीआयएन क्रमांक का नाही?' आमच्यापैकी कुणालाही उत्तर देता आले नाही. खुलासा होईपर्यंत हप्ता तीन महिने अडकला. किराणा दुकानदाराने उधारीवर धान्य दिले, म्हणून मुलांच्या ताटात भाकरी राहिली. सही करणाऱ्या गृहस्थांनी आमचे कार्यालय कधी पाहिलेही नव्हते. पण चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. नेमणूक आम्ही केली होती, आणि ती करताना 'फी कमी, काम झटपट' एवढेच पाहिले होते. तेव्हापासून जे शिकलो ते येथे मांडतो.

लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा

हिशोब लिहिणे आणि हिशोब तपासणे ही दोन निराळी कामे आहेत. रोजकीर्द आणि खतावणी लिहिणे हे संस्थेच्या हिशोबनिसाचे काम. ते लिखाण खरे आहे का, हे बाहेरच्या माणसाने पाहणे म्हणजे ऑडिट. एकाच माणसाने लिहायचे आणि त्यानेच तपासायचे, तर तपासणी झालीच नाही. तसेच ऑडिटर हा विश्वस्त, विश्वस्ताचा नातेवाईक किंवा संस्थेशी देण्याघेण्याचा व्यवहार असलेला नसावा. मंडळीतील ओळखीचा सी.ए. विनामूल्य करून देतो म्हटल्यावर मोह होतो. त्यांचा सल्ला जरूर घ्या, हिशोबनिसाला त्यांच्याकडून शिकवूनही घ्या. ऑडिट मात्र दुसऱ्याकडून करा.

आपल्याला कोणते ऑडिट लागते?

सी.ए.कडे जाण्याआधी हे ठरवा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या प्रत्येक न्यासाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. कलम 32 प्रमाणे हिशोब ठेवणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे, आणि कलम 33 मध्ये दरवर्षीच्या तपासणीची तरतूद आहे. ह्या अहवालात ऑडिटरला ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हातातील रोकड आणि व्हाउचर जुळतात का? जंगम व स्थावर मालमत्तेची नोंदवही आहे का? पैसा संस्थेच्या उद्देशाबाहेर खर्च झाला का? 5,000 रुपयांवरच्या बांधकाम-दुरुस्तीला निविदा मागवल्या का? सभांचे इतिवृत्त लिहिले जाते का? मागच्या वर्षी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का? हे प्रश्न न विचारता ज्याने अहवाल दिला, त्याने उत्तरे कोठून आणली असा प्रश्न आपणच विचारायला हवा.

आयकरातील सवलत घेणाऱ्या संस्थेला ठरावीक उत्पन्नावर सी.ए.चा वेगळा अहवाल लागतो. 2023 मध्ये त्याचे नमुने बदलले, आणि परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला, ती कितीही लहान असो, नमुना 10बी लागू झाला. असे बदल ठाऊक असलेला सी.ए. हवा. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही, हेही चांगला ऑडिटर वर्षाच्या सुरुवातीलाच बजावतो.

परदेशी देणगी घेणाऱ्यांना विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 लागू आहे. सी.ए.ने प्रमाणित केलेल्या हिशोबासह वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-4, वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत भरावे लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांवर नेता येत नाही, आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. अशा संस्थेने ह्या कायद्याचे काम पूर्वी केलेला सी.ए.च निवडावा.

चौथा प्रकार देणगीदाराचा. एखाद्या प्रकल्पाचे पैसे त्याच कामावर खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्र तो मागतो. त्याचा नमुना निधी स्वीकारतानाच सी.ए.ला दाखवा, कारण प्रकल्पाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात.

नेमणुकीपूर्वी काय विचारावे?

पहिले, आपल्यासारख्या किती न्यासांचे ऑडिट ते करतात. कारखान्याचा आणि दुकानाचा हिशोब उत्तम पाहणारा सी.ए. धर्मादाय कायद्यात नवखा असू शकतो. दुसरे, ते स्वतः किंवा त्यांचे सहकारी कार्यालयात आणि निदान एका वस्तीवर येतील का. आपली बरीच व्हाउचर अंगठ्याची असतात. वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबाला औषधासाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला जायला पैसे दिले, तर पक्के बिल कोठून येणार? तेथे तारीख, ठिकाण, कारण, अंगठा आणि लिहिता येणाऱ्या साक्षीदाराची सही हवी. ही परिस्थिती समजून घेणारा आणि तरीही साक्षीदाराची सही नसलेले व्हाउचर बाजूला काढणारा ऑडिटर आपल्याला हवा.

तिसरे, कामाचे लेखी पत्र. कोणते अहवाल, कोणत्या तारखेपर्यंत, किती फी, हे त्यात असावे. फी ठरलेली रक्कम असावी. देणगीच्या टक्केवारीत फी मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. चौथे, यूडीआयएन. 1 जुलै 2019 पासून सी.ए.ने सही केलेल्या प्रत्येक ऑडिट अहवालावर हा 18 अंकी क्रमांक बंधनकारक आहे. सी.ए. संस्थेच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पडताळता येतो. अहवाल हाती आला की त्याच दिवशी पडताळा.

केडगावचा धडा

आपल्या दौंड तालुक्यातच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंच्या कामासाठी 1887 मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे ठरवले. तिचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत खजिनदाराचा जमाखर्चही असे. दहा वर्षांची मुदत संपल्यावर 1898 मध्ये रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि मदत पुढे चालू राहिली. समुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांचा विश्वास टिकला, तो कामामुळे आणि उघड्या हिशोबामुळेही.

पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला, कारण देवापुढे प्रामाणिक असणे पुरे नाही, माणसांनाही ते दिसले पाहिजे, असे त्याचे मत होते.

शेवटी एक गोष्ट. ऑडिटर कितीही चांगला मिळाला, तरी विश्वस्तांची जबाबदारी त्याच्यावर जात नाही. येत्या सभेत ऑडिटरची नेमणूक विषयपत्रिकेवर घ्या. मागचा अहवाल मोठ्याने वाचा. त्यातली एखादी ओळ कळली नाही तर 'मला कळले नाही' म्हणायला लाजू नका. आम्ही ते वेळेवर म्हटले असते, तर मुलांच्या धान्यासाठी दुकानदाराकडे हात पसरावे लागले नसते.