पिसांची माशी, तलावातला मासा आणि जरीकामाचा हात

नवी मुंबई म्हटली की व्यापाऱ्याच्या डोळ्यापुढे तुर्भ्याचा घाऊक बाजार, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने आणि न्हावा शेवाचे बंदर उभे राहते. या शहरात जुन्या गावठाणांचे तलावही आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या काठावर गळ घेऊन बसणारी माणसे दिसू लागतात. हा विषय धंद्याच्या पानावर कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर असे की या छंदाच्या एका शाखेला लागणारी एक वस्तू आजही हातानेच बनवावी लागते, आणि ती बनवू शकणारी बोटे खाडीच्या पलीकडे गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत पुरेशा कामाविना बसली आहेत.

ती वस्तू म्हणजे फ्लाय, अर्थात पिसे, केस, दोरा आणि चमकती तार गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी. नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा असतो आणि फेकताना त्याचे वजन दोरी ओढून नेते. फ्लायला वजन जवळजवळ नसते. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते. लवचिक काठी मागे-पुढे झुलवून ती हवेत उलगडायची आणि तिच्या टोकाच्या बारीक तंगुसाला बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरवायची. विलायतेत हा खेळ ट्राउट आणि सामन या माशांसाठी वाढला. अलीकडच्या काळात अमेरिकेत हीच काठी घेऊन शहरातल्या बागांच्या तळ्यांत कार्प पकडण्याची आवड पसरली आहे.

कार्प म्हणजे आपल्या ओळखीचेच मासे. रोहू, कटला, मृगळ हे देशी, तर सायप्रिनस आणि गवत्या हे बाहेरून आणलेले. सायप्रिनस १९३९ साली श्रीलंकेतून उटीला आला, दुसरी जात १९५७ साली बँकॉकहून आली आणि गवत्या १९५९ साली हाँगकाँगहून. फ्लायच्या दृष्टीने हे सगळे सारखे नव्हेत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, पण तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्यामुळे माशीकडे क्वचितच वळतो. सायप्रिनस तळाचा चिखल चाळतो. त्याच्यापुढे पितळी मणी ओवलेली, बुडणारी, किड्यासारखी माशी लागते. गवत्या वनस्पती खातो, आणि जिथे फिरायला येणारे लोक पाव किंवा कुरमुरे टाकतात तिथे तोही वर येतो. अशा ठिकाणी पांढऱ्या केसांचा दाट गोळा कातरून पावाच्या तुकड्यासारखी केलेली तरंगती माशी चालते. तिला माशी म्हणावे का, हा वाद आम्ही छंदिष्टांवर सोडतो.

हंगाम आश्विन-कार्तिकाचा. पावसाचा गढूळपणा खाली बसतो, पाणी अजून उबदार असते, मासा भरपूर खातो. डिसेंबरची थंडी पडली की त्याची भूक मंदावते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून गोळा झालेले दिसले तर नवखा माणूस खूश होतो. ते बहुधा खात नसतात, पाण्यातला प्राणवायू कमी पडल्याने श्वासासाठी धडपडत असतात. त्या दिवशी काठी बंदच ठेवावी.

आता तलावांविषयी. नवी मुंबईतले सगळे पाणी एका जातीचे नाही. सिडकोने भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावण्यासाठी खाडीलगत धारण तलाव बांधले. त्यांत खाडीचे पाणी येते, कार्प तिथे शोधू नये. गावठाणांचे तलाव गोड्या पाण्याचे, कार्पाचे घर तेच. यांपैकी मुख्य १४ तलावांत महापालिकेने राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत गॅबियन भिंत घातली. जाळीत दगड भरून केलेल्या या भिंतीमुळे मूर्ती विसर्जनाचा भाग वेगळा राहतो आणि उरलेले पाणी माशांसाठी मोकळे राहते. विसर्जनाचे दिवस आणि हा हंगाम लागूनच येतात, त्यामुळे गळ टाकणाऱ्याने भिंतीची कोणती बाजू आपली, हे ध्यानात ठेवावे.

परवानगीचा मुद्दा त्याहून मोठा. तलावात कुणी ठेकेदाराने किंवा मच्छीमार संस्थेने बीज सोडले असेल तर मासा त्यांच्या रोजीचा आहे. आधी महापालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी करावी, मगच काठी उघडावी. मुंबईत पवईच्या तलावावर, जो १८९१ साली बांधला गेला, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन कित्येक दशकांपासून नियमाने हा छंद चालवते. नवी मुंबईच्या तलावांवरही तशीच सोय झाली तर बरे होईल. आणि पाठीमागे फेरीवाट असेल तर फ्लायची काठी मागे झुलवूच नये, मासा लागण्याआधी एखाद्या काकांचा कान लागायचा.

आता कारागिराकडे येऊ. जरीच्या अड्ड्यावर आरी चालवणाऱ्याला बादला म्हणजे काय, कसब म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. फ्लाय बांधणाऱ्याच्या पेटीतही चपटी चमकती पट्टी, बारीक तार, मणी आणि रेशमासारखा दोराच असतो. गळ छोट्या वाईसमध्ये पकडायचा, बॉबिनमधून दोरा ताणून धरायचा आणि एकेक वस्तू वेढ्यांनी बसवायची. ताण कमी पडला तर पीस फिरते, जास्त झाला तर दोरा तुटतो. संगणकावर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी यंत्रांनी जरीकाम ओढून घेतले, २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले कारखाने रिकामे केले. ज्या हाताला तो ताण आपोआप कळतो, त्याला दुसरे काम शोधताना हा रस्ता निदान माहीत असावा. एक सावधगिरी : तांब्यावर मुलामा दिलेली जरी पाण्यात काळवंडते, त्यापेक्षा प्लॅस्टिकची चमकपट्टी बरी.

पिसांचे गणित वेगळे आहे. कोंबडीच्या दुकानात पिसांचा ढीग पडतो खरा, पण ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापला जातो, त्याच्या मानेवर कामाचे पीस तयारच झालेले नसते. लागते ते पूर्ण वाढलेल्या गावठी कोंबड्याच्या मानेचे, लांब आणि ताठ. अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबडे पाळणारे फार्म आहेत. २०११ साली तिथल्या तरुणींत केसांत तीच पिसे लावण्याची फॅशन आली, भाव कित्येक पटींनी चढले आणि गळ टाकणारे हात चोळत बसले. बकऱ्याचे केस मात्र आपल्याकडे मुबलक आहेत, आणि धुऊन वाळवले की पावाच्या माशीला आणि लांब शेपटीच्या माशीला ते उत्तम चालतात.

सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या ठिपक्यांसारखी पिसे असतात. इंग्रजांनी सामनच्या फ्लायसाठी ती डोक्यावर घेतली आणि पक्ष्याची मोठी शिकार झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली हा पक्षी संरक्षित आहे. कुणी असे पीस दाखवले तर भाव विचारू नये, हात लावू नये. मोरपिसाचीही निर्यात बंद आहे. तयार फ्लायमध्ये एक धागा मोरपिसाचा असला तरी माल बंदरात अडकू शकतो.

बाजार किती, हे स्पष्ट सांगणे आमचे काम आहे. नवी मुंबईत फ्लायची काठी धरणारे थोडेच, त्यांच्या खरेदीवर एक कुटुंबही चालणार नाही. खरा बाजार परदेशात आहे. केनियात इंग्रजांच्या राजवटीत हे काम सुरू झाले आणि तिथले कारागीर आजही युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी फ्लाय बांधतात, श्रीलंका आणि थायलंडमध्येही कारखाने आहेत. हा माल डझनावर विकला जातो आणि तिथे आपली स्पर्धा त्यांच्या मजुरीशी आहे. गळ चांगलेच हवेत, नॉर्वेच्या मुस्तादसारखे किंवा जपानी, स्वस्त गळ वाकला की गिऱ्हाईक परत येत नाही. पिसे-केसांच्या निर्यातीला पशुवैद्यकीय कागदपत्रे लागतात, त्यांची चौकशी माल तयार होण्याआधी करावी. म्हणून कर्ज काढून कुणी यात उतरू नये. एक वाईस, एक बॉबिन, शंभर गळ आणि संध्याकाळचे दोन तास, एवढ्यावर हात बसवून पाहावा, आणि पहिले नमुने पवईच्या किंवा पुण्याच्या छंदिष्टांना वापरायला द्यावेत.

ते एकच गोष्ट तपासतील. मासा लागला की नाही हे नशिबाचे, पण डझनातल्या बाराही माश्या एकसारख्या हव्यात : डोके एवढेच, शेपटी एवढीच, तारेचे वेढे तेवढेच. डझन पुरा झाला की पहिली आणि बारावी शेजारी ठेवून पाहावी.