माळढोक कोठे राहील?

जमिनीचा पोत, पर्जन्यमान व पाण्याची सोय पाहून एखाद्या रानात कोणते पीक साधेल, हे अनुभवी शेतकरी पेरणीपूर्वीच सांगतो. कोणता पक्षी कोठे वस्ती करील, हेही अशाच रीतीने पुष्कळ अंशी ताडता येते. माळढोकाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

माळढोक हा सुमारे एक मीटर उंचीचा पक्षी असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. त्यास प्रामुख्याने चार गोष्टी लागतात :

१. दूरवर नजर पोहोचेल अशी सपाट, मोकळी जमीन.
२. कमी पाऊस व त्यामुळे बेताने वाढणारे गवत.
३. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे व धान्य असे मिश्र खाद्य.
४. निवांतपणा, कारण मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते.

पक्षी जेथे प्रत्यक्ष दिसला, तेथील पाऊस, उष्णतामान, चढउतार व गवत यांची नोंद शास्त्रज्ञ घेतात आणि संगणकाच्या साहाय्याने तशीच परिस्थिती अन्यत्र कोठे आहे, हे नकाशावर शोधतात. सोलापूरजवळील नान्नजचा माळ या कसोट्यांस उतरणारा होता. तेथील माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले.

तथापि नकाशा केवळ योग्य जागा दाखवितो. पक्षी तेथे असेलच, याची हमी देत नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले व जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. बागायतीने अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु पाऊस तोच असूनही मोकळा माळ आक्रसला. विजेच्या तारांवर आदळूनही हे पक्षी मरतात. आज देशात जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

वरील चार गोष्टींपैकी पाऊस व जमिनीचा उतार आपल्या हाती नाहीत. गवत व निवांतपणा मात्र आहेत. म्हणून शेतकरी बंधूंनी गायरानातील गवत जाळू नये, पावसाळ्यात माळाचा काही भाग चराईस बंद ठेवावा, ज्वारी व करडईच्या कोरडवाहू रानात कीटकनाशके गरजेपुरतीच वापरावीत आणि माळढोक आढळल्यास वनखात्यास त्वरित कळवावे. राखलेल्या माळाचे गवत गुरांच्या वैरणीसही उपयोगी पडते, हा लाभ वेगळाच.