डॅन्यूबच्या काठाने

गेली अठ्ठावीस वर्षे मी बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत आहे. दर गुरुवारी निपाणीस जातो. या काळात ‘मुलाला मैदानावर पाठवा, पळू द्या, सायकल चालवू द्या’ हा उपदेश मी किती पालकांना केला असेल, याची गणती नाही. मात्र उपदेश करणारा स्वतः घरापासून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात मोटारीने जात होता. २०२२ साली केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी ६.३ आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर पाऊल पडले होते. फिजिशियन मित्राने अहवाल हातात ठेवला आणि एवढेच म्हटले, “लोकांना सांगतोस ते एकदा स्वतः करून बघ.”

मी सायकल विकत घेतली. प्रथम काकतीपर्यंत, मग येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत आणि दोन-तीन महिन्यांत राकसकोपच्या जलाशयापर्यंत मजल गेली. आपल्या व्यवसायातील काही मंडळींनी या क्षेत्रात मोठा पराक्रम केला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला ते शिखर दुरूनच वंदनीय. तेव्हा कोल्हापूरच्या एका वर्गमित्राने डॅन्यूब नदीकाठच्या मार्गदर्शित सायकल सहलीची कल्पना मांडली आणि जून २०२३ मध्ये आम्ही चौदा जण, त्यांत नऊ डॉक्टर, जर्मनीतील पासाउ या गावी दाखल झालो.

या सहलींची रचना समजून घेण्यासारखी आहे. पासाउ ते व्हिएन्ना हे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. ते सात दिवसांत, रोज चाळीस ते साठ किलोमीटर असे कापायचे. सायकली तिथेच भाड्याने मिळतात. तुमची उंची आधीच कळवलेली असते, त्यानुसार बैठक लावून ठेवतात. पायटा सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, हा त्यातला मुख्य नियम. बैठक फार खाली ठेवली की गुडघेदुखी ठरलेली. बॅगा मोटारीने पुढच्या मुक्कामी जातात. एक मार्गदर्शक सर्वांच्या पुढे आणि एक सर्वांच्या मागे असतो. मागच्याजवळ पंक्चरचे साहित्य आणि प्रथमोपचाराची पेटी असते. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने जायचे असल्याने रस्ता बहुतांशी सपाट किंवा किंचित उताराचा आहे. चढाला भिणाऱ्यांसाठी विजेवर चालणाऱ्या सायकलीही असतात. आमच्यापैकी चौघांनी त्या घेतल्या आणि आम्ही त्यांची थट्टा केली. तिसऱ्या दिवसापासून थट्टा आपोआप थांबली. खरी अडचण एकच : तिकडे उजव्या बाजूने चालवायचे. जन्मभराची सवय मोडताना पहिल्या दिवशी मी दोनदा समोरून येणाऱ्याच्या अंगावर गेलो.

पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात. तिन्हींच्या पाण्याचे रंग वेगळे, आणि संगमानंतरही काही अंतर ते वेगळेच दिसतात. तेथील नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ चा पूर तर तिथे पाचशे वर्षांतला सर्वांत मोठा होता. त्या खुणांकडे पाहताना ऑगस्ट २०१९ आठवला. पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला होता आणि मी दोन गुरुवार निपाणीस पोहोचू शकलो नव्हतो.

पासाउच्या खाली वीस-बावीस किलोमीटरपर्यंत नदी हीच जर्मनी आणि ऑस्ट्रियाची सीमा आहे. ‘सीमा’ हा शब्द आपल्या भागात जन्मलेल्या माणसाला साधा राहत नाही. त्याच्याभोवती घराघरांतल्या आठवणी आहेत. योहेनश्टाइन येथे याच सीमेवर दोन्ही देशांनी मिळून धरण बांधून जलविद्युत केंद्र उभारले. ते १९५६ साली पूर्ण झाले, म्हणजे महायुद्ध संपून अकराच वर्षे झाली होती. धरणावरून सायकल ढकलत मी एका देशातून दुसऱ्या देशात गेलो. कोणी थांबवले नाही, कोणी भाषा विचारली नाही. मी काही राजकारणाचा अभ्यासक नाही, तरी पलीकडे पोहोचल्यावर पाच मिनिटे कठड्याला टेकून उभा राहिलो.

श्ल्योगेन येथे कठीण खडकाला अडून नदी जवळजवळ उलटी फिरते. डोंगरावरून ते वळण पाहिले. खाली लहानशी नाव सायकलींसह माणसांना पैलतीरी नेते. इथवर सारे निसर्गवर्णनात बसणारे होते. दुसऱ्या दिवशी लिंत्सच्या वाटेवर मार्गदर्शकाने सांगितले, “अल्कोव्हेन गावाजवळ हार्टहाइम नावाचा वाडा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी या. बाकीच्यांनी कॉफी घ्यावी.” आम्ही सहा जण गेलो. सहाही डॉक्टर होतो.

चार मनोरे आणि कमानींचा चौक असलेला तो सोळाव्या-सतराव्या शतकातला देखणा वाडा आहे. १८९८ पासून तिथे मतिमंद व अपंगांचे सेवागृह होते. नाझी राजवटीत ते रिकामे करून १९४० साली तिथे विषारी वायूची खोली आणि भट्टी बसवण्यात आली. मे १९४० ते १९४४ अखेर या वाड्यात सुमारे तीस हजार माणसे मारली गेली. आरंभी मनोरुग्णालये आणि सेवागृहांतील रुग्ण, त्यांत अपंग मुलेही होती. नंतर जवळच्या माउटहाउझेनसारख्या छळछावण्यांतील आजारी कैदी. रुग्ण बसमधून येत. त्यांचे कपडे उतरवून डॉक्टर त्यांना ‘तपासत’. ही तपासणी उपचारासाठी नव्हे, तर घरच्यांना कळवायच्या मृत्यूचे खोटे कारण ठरवण्यासाठी असे. वायू सोडण्याची जबाबदारीही डॉक्टरांवर सोपवलेली होती. त्या काळच्या शालेय गणितात एका अपंगावर रोज किती खर्च होतो आणि तेवढ्यात किती निरोगी कुटुंबांची घरे होतील, अशी उदाहरणे घातलेली असत. मृतांची राख काही काळ डॅन्यूबमध्ये ओतली जाई. ज्या नदीच्या काठाने मी दोन दिवस गुणगुणत सायकल हाकत होतो, तीच ही नदी.

२००३ पासून तिथे स्मारक आहे. आतील काचेच्या भिंतींवर मृतांची नावे आहेत. ती वाचताना मला एकाएकी निपाणीचा दवाखाना आठवला.

सहलीला निघण्यापूर्वीच्या गुरुवारी तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली होती. जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडलेला, दोन्ही पाय ताठ, बोलणे अस्पष्ट. “डॉक्टर, ह्येचं पुढं कसं व्हायचं?” ती दर महिन्याला विचारी. बाहेर चाळीस रुग्ण बसले होते. मी म्हणालो, “बाई, आता यात सुधारणा होणार नाही. दर महिन्याला येऊन पैसे वाया घालवू नका.” त्या वेळी मला वाटले, मी तिचे बसभाडे वाचवले. हार्टहाइमच्या त्या भिंतीपुढे मात्र ‘वाया’ हा शब्द माझ्या कानांत पुन्हा वाजला. मी काही क्रूर माणूस नाही, आणि त्या डॉक्टरांशी माझी तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणतो. पण एखाद्या मुलावर होणारा खर्च ‘वाया’ आहे, हा हिशेब मीही केला होता, आणि तो त्या मुलासमोर केला होता. त्याला ऐकू येते, समजते, हे मला ठाऊक असूनही.

त्या दिवशी लिंत्सपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही.

पुढचे दिवस रम्य होते, आणि ते तसे वाटावेत याचा थोडा संकोचही वाटत होता. ग्राइन, मग मेल्कचा टेकडीवरचा भव्य मठ, आणि मेल्क ते क्रेम्स हा छत्तीस किलोमीटरचा वाखाऊचा पट्टा. २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. दगडी बांध घालून डोंगरउतारावर रचलेल्या द्राक्षबागा, जर्दाळूची झाडे, आणि द्युर्नश्टाइनचा तो भग्न किल्ला, जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ मध्ये कैदेत होता. याच पट्ट्यात एक कुटुंब आमच्या पुढे चालले होते. वडिलांच्या सायकलीला पुढे दोन चाकांवर एक खुर्ची जोडलेली होती आणि तीत पट्ट्याने बांधलेली दहा-बारा वर्षांची मुलगी होती. तिची मान एका बाजूला झुकलेली, हात आखडलेले. मला तिचे निदान सांगायला तपासण्याची गरज नव्हती. उतार लागला की ती मोठ्याने हसे. मी बराच वेळ त्यांच्या मागोमाग चाललो.

व्हिएन्ना हे बालरोगतज्ज्ञाला तीर्थक्षेत्र आहे. १८३७ साली स्थापन झालेले सेंट ॲना बालरुग्णालय तिथे आहे. १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द देणारे आणि १९०७ मध्ये क्षयासाठी त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी आणणारे पिर्के याच शहरातले. आणि याच शहरात, श्पीगेलग्रुंड येथे, १९४० ते १९४५ या काळात सुमारे आठशे आजारी व अपंग मुलांचा वैद्यकीय देखरेखीखाली बळी घेतला गेला. त्यांचे जपून ठेवलेले अवशेष २००२ साली मातीत विसावले. एकाच नगरीत, एकाच पदवीच्या माणसांनी केलेल्या या दोन गोष्टी आहेत.

परतल्यावर तिसऱ्या गुरुवारीही ती आई आली नाही. मीच तिला सांगितले होते ना! नोंदवहीतून गाव शोधून निरोप धाडला. ती आली तेव्हा प्रथम मी म्हणालो, “मागच्या वेळी मी चुकीचे बोललो.” ती संकोचून म्हणाली, “असू द्या डॉक्टर, तुमी काय वाईटासाठी बोलला न्हाईसा.” मग त्या दिवशी मी चाळीस मिनिटे दिली. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, फिजिओथेरपी, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्याला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा असलेला हक्क, हे सारे कागदावर लिहून दिले. मोबाईलमधले त्या मुलीच्या सायकलीसारख्या सायकलीचे चित्र मुलाच्या वडिलांना दाखवले. निपाणीतल्या एका वेल्डिंगवाल्याने दोन प्रयत्नांत तसली खुर्ची जमवली. पहिली एका बाजूला कलत होती. आज तो मुलगा वडिलांच्या सायकलीवरून गावातल्या शाळेत जातो. त्याचे पाय सुधारलेले नाहीत, सुधारणारही नाहीत. मात्र वर्गात त्याचे नाव हजेरीपटावर आहे.

माझे एचबीएवनसी आता ५.८ आहे. अजूनही उंबरठ्यावरच, पण पाऊल मागे घेतले आहे. परदेशी सायकल सहलीला जावे का, असे अनेक मित्र विचारतात. अवश्य जावे. निघण्यापूर्वी किमान तीन महिने सराव करावा, रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्यावी, शिरस्त्राण वापरावे. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालील मुलांना ते २०११ पासून सक्तीचे आहे. आपल्याकडे आपण ते निदान स्वतःच्या नातवंडांसाठी तरी सक्तीचे करू शकतो. आणि वाटेत मार्गदर्शकाने कॉफी किंवा वाडा असे विचारले, तर आपल्या व्यवसायातील माणसाने वाड्याकडे वळावे.